मोगऱ्याखालची माती

काशिराम माळ्याला काढायचं हे सोसायटीच्या कमिटीने आधीच ठरवलं होतं. सगळे बागेत जमले ते फक्त त्याला तसं सांगायला.

"बघा, काय करून ठेवलंय!" सेक्रेटरी सत्यजीत म्हणाले. मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या होत्या, कढीलिंब तर उभाच्या उभा वाळला होता. "निशाताई दोन वर्षं घराघरांतला ओला कचरा गोळा करून इतकं खत देतायत, आणि तुम्हाला चार झाडं जगवता येत नाहीत?"

निशाने विनयाने मान खाली घातली. खताचे ड्रम तिचे. पनवेलातल्या सोसायट्यांत पहिलं बक्षीस मिळालं ते त्या ड्रमांना, आणि फाटकावरच्या फ्लेक्सवर हसणारा फोटो तिचा.

काशिराम उकिडवा बसला. मोगऱ्याखालची चिमूटभर माती उचलून त्याने सरळ जिभेवर ठेवली. दोघीतिघींनी नाकं मुरडली.

"खारट झालीय," तो थुंकून म्हणाला. "उरनला आमची मिठागरं व्हती, साहेब. मीठ आमाला नाय कलनार तर कोनाला? ड्रममदी लोनच्याचा खार जाते, आमटी जाते, सुकट धुतलेला पानी जाते. तेच्यातला मीठ कुठं जानार? झाडाच्या मुलाशीच ना? भाजीची सालं-देठं टाका, शिजवलेला नको, असा बाईंना मी बोल्लो व्हतो."

सगळ्यांच्या माना निशाकडे वळल्या.

बोलला होता तो. गणपतीत एकदा, दिवाळीत पुन्हा. पण ड्रम लवकर भरावेत, बक्षिसाच्या अर्जात किलोंचा आकडा मोठा दिसावा, म्हणून तिनेच दारोदार सांगितलं होतं, काहीही टाका, सगळं कुजतं. 'खताचं मला शिकवू नका,' असं त्याला सुनावलंही होतं. आता ती नुसतं 'हो' म्हणाली असती, तर त्या माणसाची नोकरी वाचली असती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला राग आला.

"असं काही बोलले नव्हते ते मला," ती म्हणाली.

काशिरामने तिच्याकडे पाहिलं. खुरपं सत्यजीतच्या पायाशी ठेवून तो फाटकाबाहेर पडला.

माणसं पांगली तशी निशा वाफ्याशी वाकली. इकडेतिकडे बघत तिने मातीचा एक खडा जिभेवर ठेवला, आणि धावत जाऊन नळ गाठला. तीनदा चूळ भरली तरी चव जाईना.

"काय झालं हो?" मागून सत्यजीतनी विचारलं.

"काही नाही. धूळ गेली तोंडात."

"सांभाळा. बरं, सोमवारी नवा माळी येतोय. हा काशिराम तुमचं खत घालताना हात आखडताच घ्यायचा, मी बघितलंय. नव्याला दुप्पट घालायला सांगा."

निशाने पदराने तोंड पुसलं.

"सांगते," ती म्हणाली.