बाणाचं विष

बनाबाईंनी पदराच्या गाठीतून तुळशीचं पान काढलं आणि मुलाच्या ओठांकडे नेलं. डॉक्टर नूतननं त्यांना तिथंच अडवलं.

"मावशी, थांबा. सोमनाथ गेलेला नाही."

गुंजवण्यात घरी जमिनीवर झोपलेल्या सोमनाथला पहाटे मण्यार चावली होती. भोरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पापण्या मिटल्या, हात लुळे पडले, श्वास थांबत आला. विषावरचं इंजेक्शन देऊन झालं होतं. आता घशात नळी होती आणि नळीला लावलेला फुगा नूतन हातानं दाबत होती. बनाबाईंना मात्र एवढंच दिसत होतं, की पोरगं हलत नाही.

"ह्या विषानं पापणी पडते, हात पडतो, पण कान जागे असतात. त्याला सगळं ऐकू येतंय. बोला त्याच्याशी."

"सोमा..." बनाबाई म्हणाल्या आणि पुढं नुसताच हुंदका.

हा हुंदकाच आत पोचणार, या विचारानं नूतन घाबरली. काहीतरी बोलायला हवं होतं. सुचेना काही. समोरच्या केसपेपरवर तिनंच लिहिलेला एक शब्द होता.

"दादा, तुम्हाला जे झालंय ना, त्याला न्यूरोटॉक्सिक म्हणतात. शब्द अलीकडचा, पण जुन्या ग्रीक शब्दांचा जोडलेला. न्यूरॉन म्हणजे शीर. धनुष्याच्या दोरीलाही तेच म्हणायचे. आणि टॉक्सॉन म्हणजे धनुष्य. बाणाला विष लावायचे, म्हणून विषालाच धनुष्यावरून नाव पडलं."

संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मरणाच्या दारातल्या माणसाला सांगायला एवढ्या शिकलेल्या बाईला दुसरं काही सापडू नये! पण थांबली नाही बिचारी. दुपारी श्वासाचं मशीन मिळालं, तेव्हा तिचे हात भरून आले होते आणि घसाही बसला होता.

तिसऱ्या दिवशी सोमनाथची नळी निघाली. बनाबाई पाया पडायला वाकल्या, तर नूतननं त्यांना मिठीच मारली. दोघी मनसोक्त रडल्या.

सोमनाथनं बोटानं नूतनला जवळ बोलावलं.

"मॅडम, गोष्ट लई वंगाळ सांगितली तुमी. बाण काय, ईख काय. आदीच म्या भ्यालेलो."

नूतन ओशाळली.

"आई रडाया लागली तवा वाटलं, मेलोच आपण. पर तुमी बोलायच्या थांबंनात. मग म्हनलं, मेलेल्या मानसाला कोन एवढं समजावून सांगतंय?"