खाल्ल्या अंगाला

नम्रता चौथ्यांदा जिना उतरून खाली आली. सासरे खाली नव्हते.

मेट्रोचं हे शेवटचं स्टेशन. इथे चुकायचं काम नाही, म्हणूनच तर भाच्याने, दीपकने, आनंदाबाबांना बेलापूरला एकट्याला गाडीत बसवून दिलं होतं. सगळे उतरले की उतरा, इतकं सोपं. उतरल्यावर त्यांचा फोनही आला होता. "पोचलो गो बाय. खाल्ल्या आंगाला उबा हाय. ये सावकाश." एवढं बोलून फोनने जो जीव टाकला तो टाकलाच. त्याला आता सव्वा तास झाला होता.

खाली म्हणजे जिन्याखाली. तिथल्या प्रत्येक खांबामागे नम्रताने डोकावून पाहिलं. रिक्षावाल्यांना विचारलं, शहाळीवाल्याला विचारलं. पांढरा सदरा, लेंगा, हातात कापडी पिशवी. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डोक्याने ठीक आहेत ना?"

हाच प्रश्न तिचा जीव खात होता. गेले दोन महिने बाबा फोनवर एकच गोष्ट तीन-तीनदा विचारत होते. गावी कधी येताय? पाच मिनिटांनी पुन्हा, गावी कधी येताय? संदेशच्या मनात पाल चुकचुकली. डोळे तपासू म्हणून त्याने वडिलांना पालीहून बोलावून घेतलं आणि उद्या अकराची वेळ घेतली ती विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरची. आता डॉक्टर होता, वेळ होती, बाबाच नव्हते. आणि संदेश पुण्याला मीटिंगमध्ये, फोन उचलायला तयार नाही.

शेवटी तिने मन घट्ट करून पालीला सासूबाईंना फोन लावला.

"आई, बाबा सापडत नाहीयेत." पुढचं रडण्यात गेलं.

"रडू नको. शेवटी काय बोल्ले त्ये सांग," गोदाबाई म्हणाल्या.

"खालच्या अंगाला उभा आहे म्हणाले. मी सगळं खाली बघितलं हो. चार चार वेळा बघितलं."

पलीकडे सासूबाई चक्क हसल्या. "अगो बाय माजे! खाली म्हंजे जिन्याखाली न्हवं. डोंगुर त्यो वर आन् दर्या त्यो खाली. सूर्य कुठं बुडतो हाय तुमच्यात? तिकडं जा."

कऱ्हाडच्या पोरीला हे कोण सांगणार? आणि सूर्य कुठे बुडतो हे तर नम्रताने इथल्या आठ महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. गेट नंबर दोन, तिथली शेअर रिक्षा आणि आपला टॉवर, एवढंच तिचं जग. तिने मान वर केली. संध्याकाळचं उतरतं ऊन गेट नंबर चारच्या बाजूने येत होतं. ती जवळजवळ पळतच तिकडे निघाली.

गेटच्या पुढे डांबर संपलं. वरचा मेट्रोचा पूलही तिथेच संपत होता. पुढे मातीची पायवाट, दोन भाताची खाचरं, एक लहानसं देऊळ, कौलारू घरांची ओळ आणि त्यांच्या मागे खाडी. टॉवरच्या पायाशी इतकं जुनं गाव आहे याचा तिला पत्ताच नव्हता.

विहिरीच्या कट्ट्यावर एका आजीबाईंशी गप्पा मारत आनंदाबाबा चहा पीत बसले होते.

नम्रताला इतकं हायसं वाटलं, की रागावायचं होतं तेही राहून गेलं.

"बाबा!"

"आलीस? बस. ह्या आजीनं चहा दिलान. भात बग कसा पोटरीला आलाय. आन् आयक, मंगळवारी सकाळी हितं ताजी मच्छी मिळती. तुमच्या इमारतीची वाट ह्या देवळामागनं हाय, धा मिन्टांची. रिक्षा कशाला करताव रोज?"

ती पाहतच राहिली. आठ महिन्यांत तिला जे कळलं नाही ते त्यांनी सव्वा तासात जमवलं होतं.

"पण बाबा, मी किती शोधलं तुम्हाला!"

"शोधलंस कशाला? सांगतलं व्हतं ना, खाल्ल्या आंगाला. मी हितनं हललो नाय. तूच कुठं व्हतीस इतका वेळ?"

नम्रताला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. ती त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली.

"मी हरवले होते, बाबा."

आनंदाबाबांनी उरलेला चहा तिच्यापुढे केला. तिने तो दोन घोटांत संपवला.

"नवा मुलूख हाय. व्हतं आसं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. मग आजूबाजूला पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "मातर संदेसला नको सांगूस हां. न्हेल तुलापन त्या इसरायच्या डाक्टरकडं."