तांब्यातली बाई

विधवेनं लग्नाच्या फोटोत यायचं नाही, अशी रीत. म्हणून सगुणाबाईंच्या आईचा एकही फोटो नव्हता. मागे उरला होता तो तिचा पोचा आलेला पितळी तांब्या. तो त्यांनी ग्रंथालयाच्या फोटो शोधणाऱ्या यंत्रापुढे धरला.

लाखभर जुन्या फोटोंतून यंत्रानं नेमका तोच पोचा हुडकून काढला. मामाचं लग्न होतं, आणि तांब्या नवरीच्या पायाशी. मग यंत्र तांब्याच्या चकचकीत पोटात डोकावलं. त्या प्रतिबिंबात, फोटोग्राफरच्या पार मागे, डोईवरचा पदर सावरत एक बाई उभी होती.

"मावशी, या कोण?" ग्रंथपाल मुलीनं विचारलं.

"आई माझी."

फोटोखाली नोंद होती: लग्नसमारंभ, माणसं एकोणीस.

सगुणाबाईंनी डोळे पुसले. "वीस कर, बाळा."