कापसावरची झोप

नत्थूसारखा चोर देवळीत पुन्हा होणे नाही. भाव चढेपर्यंत लोक वेचलेला कापूस घरातच एका कुलूपबंद खोलीत ढीग लावून ठेवतात. हा गडी कुलपाला ओरखडाही न पाडता त्या खोलीत शिरायचा आणि चिमूटभर कापूसही न नेता निघून जायचा. सकाळी ढिगावर नुसता झोपलेल्या माणसाएवढा खळगा! हवालदार अश्वजित थूल तर मनातून त्याच्यावर फिदाच होते.

परवा नत्थू आपल्या पायानं ठाण्यात आला. "मले कोठडीत टाका, साहेब."

"आधी सांग, चोरत नाई तं जातो काऊन बे?"

"झोपाले. कापसावर राजावानी झोप लागते."

अश्वजित खदखदून हसले. "अन् सोबत कोणाले नेतो? आनंदाबाईच्या ढिगावर दोन खळगे हायेत."

"एकटाच जातो, साहेब. पण झोपेत कोणीतरी माह्या अंगावर कापूस ओढते. लय मायेनं. अजून एकदा निजलो तं उठणार नाई मी."

शहानिशा करायला हवालदार त्याला भर दुपारी आनंदाबाईकडे घेऊन गेले. बाईंना किल्ली सापडेना. नत्थूनं तारेचा तुकडा फिरवला आणि कुलूप कसं गुमान उघडलं.

"वा रे पठ्ठ्या!" हवालदारांच्या तोंडून निघूनच गेलं.

आत कोणी नव्हतं. एक खळगा मोकळा होता. दुसऱ्यातला कापूस सावकाश दबला, कुशीवर वळून कोणी दाराकडे तोंड करावं तसा.

"चाल मागं," हवालदार कसेबसे म्हणाले.

नत्थूनं जांभई दिली, आणि उंबऱ्याशी चपला काढल्या.