बोटीचं पंक्चर

"लाव आणखी फेस," तो म्हणाला. बायकोनं साबणाच्या पाण्यात भिजवलेला फडका बोटीवर फिरवला. काल पूर ओसरल्यावर नदीवरून घरी आणली, तेव्हा ही रबरी बोट टणक होती. सकाळी अंगणात पाहिलं तर हवा जाऊन निम्मी बसलेली.

गोठ्यात त्याची आई धार काढताना म्हशीवर ओरडत होती. "उभी ऱ्हा की! आज काय झालंय हिला?"

फेसातून एक बुडबुडा आला, शेजारी दुसरा, मग ओळच. पंक्चरचं सोल्युशन हातात धरून तो वाकला. भोकांची ओळ कमानीसारखी वळली होती. ट्यूबच्या खालच्या अंगालाही तशीच कमान.

"उंदरानं कुरतडली असंल," बायको म्हणाली.

"दात मगरीचं हायत." त्यानं अंगणभर नजर फिरवली. "सकाळी चिखलात काय माग दिसला का?"

"फरफटल्याचा पट्टा होता. मला वाटलं, तुम्हीच बोट ओढत आणली. झाडून टाकला मी."

"मी डोक्यावरनं आणली. पट्टा कुठवर होता?"

तिनं गोठ्याकडं हात केला. आईचं ओरडणं कधीचं थांबलं होतं.