पाण्याच्या भिंतीला ओळंबा

"विटा उतरवून घेतल्यात," इमारतीचे मालक त्या इंजिनिअर मुलीला म्हणाले. "तुमची पाण्याची भिंत नापास झाली, तर आजच विटांची सुरू. गवंडीसुद्धा बोलावलाय."

गवंडी विटांच्या ढिगावर बसला होता. गवंडी म्हणजे तिचे बाबा. मालकांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी सरळ भिंत बांधणारा माणूस कोण म्हणून दहा जणांना विचारलं होतं आणि दहाही जणांनी एकच नंबर दिला होता.

"बाबा, तुम्ही?"

"काम आलं, आलो. तुझं कुठाय?"

तिने फर्निचरचं दुकान आणि जिना यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. बाबांनी त्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले. "दिसत नाहीये."

छताला अठरा तोट्या ओळीने बसवल्या होत्या. दुकानात आग लागली की त्यांतून पाण्याचा पडदा पडणार, आणि वरच्या चार मजल्यांवरची माणसं जिन्याने उतरेपर्यंत आग अलीकडे येऊ देणार नाही. या पडद्याचं गणित करण्यात तिचे आठ महिने गेले होते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की बाबा सांगत, "नळाचं बघते."

अग्निशमन दलाचे साहेब आले. पंप सुरू झाला. पाणी कोसळलं आणि पलीकडचं दुकान दिसेनासं झालं. साहेबांनी दाबाचा काटा पाहिला, मान डोलावली, पेन उघडलं.

"थांबा जरा, साहेब."

बाबा स्टुलावर चढले होते. त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि पाण्यापासून चार बोटं अंतर ठेवून सोडला. दोरीच्या टोकाचा पितळी गोळा दोनदा हेलकावला आणि स्थिर झाला.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"भिंत आहे ना ही? मग."

तिला जमीन दुभंगली तरी चालणार होतं. बाबांनी एक डोळा मिटला आणि दोरी आणि पाणी यांच्यामध्ये चार बोटं घातली. चारही सुकी निघायला हवी होती. चारही भिजली.

"मध्ये पोट आलंय."

साहेब वाकले. त्यांनीही एक डोळा मिटला. "आलंय खरं," ते म्हणाले, आणि पेन बंद झालं.

मालक विटांकडे पाहू लागले. ती पाण्याच्या कडेने आत डोकावली. दुकानातला थंड हवेचा भलामोठा पंखा पडद्यावर फुंकर घालत होता. पाणी सुटलं की तो आपोआप बंद व्हायला हवा होता. नकाशात तसं होतं. वायर जोडलेली नव्हती.

"वायरमनची चूक," मालक म्हणाले.

"जोडली की नाही ते बघणं माझं काम होतं," ती म्हणाली. "मी बघितलं नाही. अर्धा तास द्या."

"कशाला आता अर्धा तास? काय हो मिस्त्री, घ्यायची का बांधायला?"

बाबा स्टुलावरून उतरले. त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली.

"पोट आलेली भिंत मी पाडतो. पण हिची पाडायची म्हणजे नळ बंद करायचा. तो केला की झालं. तिला पुन्हा बांधू द्या."

वायर जोडली गेली. पंप पुन्हा सुरू झाला. पंख्याने एक सुस्कारा टाकला आणि तो थांबला. बाबांनी पुन्हा ओळंबा सोडला आणि या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. दोरी आणि पाणी यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत चार बोटं अंतर होतं.

साहेबांनी सही केली.

"पण मला सांगा," मालक म्हणाले, "पाण्याची भिंत उभी राहिल्यावर एखादं गिऱ्हाईक आतच राहिलं तर?"

"चालत बाहेर येईल," ती म्हणाली. "भिजेल, एवढंच."

"भिंतीतून?" हा प्रश्न बाबांचा होता.

"हो."

"चाळीस वर्षं झाली," बाबा म्हणाले. "शेकडो बांधल्या. आरपार कुणी गेलं नाही बुवा."

त्यांनी चष्मा काढला, जवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून साहेबांच्या हातात दिला, आणि सरळ भिंतीत शिरले. पलीकडून काहीतरी ओरडले, पण पाण्यात ते ऐकू आलं नाही. मग परत आले. नखशिखान्त भिजले होते.

"माझ्या मुलीचं काम आहे," त्यांनी साहेबांना सांगितलं, आणि उलट्या पावली पुन्हा आत गेले.

चौथ्या फेरीला साहेबांनी हळूच विचारलं, "पंप बंद करायचा का?"

"थोडा वेळ राहू द्या," ती म्हणाली.