डोंग्यातलं जोडपं

“नवऱ्याचं नाव सांगा, काकू.”

उकंडाचा एक पाय काठावर होता, एक डोंग्यात.

“वामनराव,” बाई म्हणाली. लगेच, आणि मोठ्याने. शेजारी बसलेल्या माणसालाही ते ऐकू जावं, असं.

उकंडाने दुसरा पाय आत घेतला. पण त्याला खटकलं.

साठीच्या बाया इकडे नवऱ्याचं नाव असं घेत नाहीत. हसतात, पदर तोंडाला लावतात, दुसऱ्या बाईला सांगायला लावतात. फारच धरलं तर उखाण्यात गुंडाळून टाकतात. आजकालच्या पोरींचं वेगळं. मागे बसलेली निकिता नवऱ्याला “ए ऋतिक” म्हणत होती, ते चालतं. पण ही?

फुलसावंगीच्या पलीकडे, धरणाच्या पाण्यात, उकंडाचा लाकडी डोंगा संध्याकाळची फेरी मारायचा. बापाने बांधलेला, वल्ह्याचा. लहान मापाची लाइफ जॅकेटं नव्हती, म्हणून फक्त मोठी माणसं घ्यायची, असं ग्रामपंचायतीने ठरवून दिलं होतं. मग लेकुरवाळी माणसं येईनात, जोडपी येऊ लागली. मागच्या हिवाळ्यात त्यातलं एक जोडपं भलतंच निघालं. त्यातल्या बाईचा खरा नवरा माणसं घेऊन आला, वल्हं मोडून गेला. सरपंच भीमसिंग तेव्हा फार बोलले नाहीत. पुन्हा असं झालं तर डोंगा कायमचा बाहेर ओढायचा, एवढंच म्हणाले.

तेव्हापासून उकंडा प्रत्येकीला नवऱ्याचं नाव विचारायचा. डोंग्याशिवाय त्याला दुसरा धंदा नव्हता.

पाणी सपाट होतं. उकंडा मागे उभा राहून वल्हं मारत होता आणि त्याला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. बाईने वामनरावांचं मनगट धरलं होतं. सोडतच नव्हती. इतकी वर्षं संसार केलेली बाई चारचौघांत असं धरते? वाऱ्याने त्यांची कॉलर उलटली, तिने ती सारखी केली. ते अवघडले, राहू द्या म्हणाले. मग त्यांनी विचारलं,

“तुमी कुठच्या, बाई?”

वल्हं पाण्यातच थांबलं.

“कळंबची,” ती म्हणाली.

“असं? माही सासुरवाडी कळंबचीच.”

“हो का.” ती पाण्याकडे पाहू लागली.

बायकोच्याच गावची. म्हणजे ही बायको नव्हेच, बायकोच्या ओळखीतली कोणीतरी. उकंडाला आता सगळं जुळत चाललं होतं. निकितानेही ऐकलं असावं. तिने ऋतिकला कोपराने ढोसलं आणि ऋतिकने मोबाइल काढला. धरणाचा फोटो घेतोय असं दाखवत त्याने तो हळूच त्या दोघांकडे वळवला. हे गावभर फिरलं की डोंगा गेला. उकंडाने त्याला मोबाइल ठेवायला सांगितलं. त्याने ठेवला नाही.

बाई मात्र भीडमुर्वत सोडल्यासारखी बायकोबद्दलच विचारत होती. दिसायला कशी, स्वयंपाक कसा करते, भांडते का. वामनराव मोकळेपणाने सांगत होते. रागीट आहे, म्हणाले. भाजीत मीठ कमी पडलं असं म्हटलं की दोन दिवस बोलत नाही. पाण्याला फार भिते, नाहीतर तिलाही आणलं असतं.

बाई हसली. हसता हसता तिने खांद्यावरच्या पदराला डोळे पुसले, मनगट न सोडता. दुसऱ्या हाताने डोंग्याची कड घट्ट धरली होती.

दुसऱ्याच्या बायकोवर असं हसावं? उकंडाचं डोकं सणकलं.

“काका, खरं सांगा. या बाई तुमच्या कोण?”

वामनरावांनी तिच्याकडे वळून नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“चांगल्या बाई हायेत,” ते म्हणाले. “आत्ताच ओळख झाली. पण लय उशीर झाला, बापू. घरी कोकिळा वाट पाहून राह्यली असंल. काठाले ने.”

ऋतिक खुदकन हसला.

बाईने नाही म्हटलं नाही. रागावली नाही. उकंडा तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, काहीतरी बोलेल म्हणून. तिने वामनरावांकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. मनगट तेवढं सोडलं नाही.

उकंडाने डोंगा वळवला. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणून एका हाताने सरपंचांना फोन लावला. जोडपं खोटं आहे, त्याने सांगितलं, माणूस स्वतःच कबूल झालाय. सरपंच म्हणाले, अडवून ठेव, मी निघालोच.

काठाला लागताच तो उडी मारून उतरला आणि वल्हं आडवं धरून उभा राहिला. “कोणी जायचं नाही,” तो म्हणाला. “सरपंच येऊन राह्यले. काकू, तुमाले लाज नाही वाटली? त्या माउलीच्या गावच्या तुमी.”

वामनराव गोंधळून एकदा वल्ह्याकडे, एकदा बाईकडे पाहू लागले. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

बाभळीखालून एक तरुण बाई येत होती, कडेवर वर्षाचं पोर घेऊन. ती वल्ह्यापाशी थांबलीच नाही, वाकून खालून पुढे आली. चपलांसकट पाण्यात शिरली, वामनरावांचा मोकळा हात धरला आणि म्हणाली, “चला बाबा, घरी जाऊ.”

मग तिने मागे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं,

“आई, आज तरी ओळखलं का गं त्यायनं तुले?”